पोरगा आल्याबिगर

म्हसळ्याच्या बुद्धविहारात वंदना घेणाऱ्या म्हाताऱ्या काकांच्या दाराआड पांढरा सदरा कायम टांगलेला असतो. लग्न असो की मयत, बोलावणं आलं की तो अंगात घालत घालतच ते निघतात.

आई गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मीच मुंबईहून उशिरा पोचलो. लोक कंटाळले होते, पण काका अडून बसले होते, “पोरगा आल्याबिगर सुरू न्हाय.” मला बघून म्हणाले, “आधी पानी पी.”

जेवताना कळलं, त्यांच्या घरी त्याच दिवशी असलेलं पणतीचं नाव ठेवणंही माझ्यामुळेच खोळंबलं होतं. मी माफी मागितली.

“नाव न्हाय म्हणून ती रडायची थांबलेय का? चल.”

शोकातला माणूस म्हणून मी त्यांच्या दारातच थबकलो. काकांनी पोर आधी माझ्याच हातात दिली.