दुभाषी पोरीची बोटं

परदेशात जाऊन आले म्हटलं की लोक आधी समुद्राचं विचारतात. समुद्र मला दिसलाच नाही. विमानाच्या खिडकीतून खाली नुसते बर्फाचे डोंगर दिसले आणि ते मागं पडले तसं ताश्कंद आलं. ऐंशी साल उलटून गेलं होतं. आमचं गाव केळझरच्या पुढं. वडिलांना मुलगा नाही, म्हणून शेत माझ्या नावावर. आदल्या वर्षी कापूस असा पिकला की तालुक्याच्या शेतकी साहेबानं परदेशातल्या अभ्यास दौऱ्यासाठी माझंच नाव वर पाठवून दिलं. नऊ पुरुष आणि दहावी मी, नऊवारी लुगड्यात. आमचे हे म्हणाले, जा, ढोरावासरांचं मी पाहतो.

निघायच्या आदल्या दिवशी माझ्या शेतात कापूस वेचणाऱ्या आठ बाया अंगणात येऊन बसल्या. तिकडं कापूस वेचायची मशीन असते, एक मशीन अख्ख्या गावातल्या बायांचं काम करते, आणि आम्ही तीच पाहायला चाललो, हे त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांची म्होरकी एक गोंड बाई होती. माझ्याच वयाची, बोलायला कमी आणि वेचायला सगळ्यांच्या पुढं. ती म्हणाली, "बाई, खरं काय हाय ते पाहून येजो. मशीन आमची वेचाई खाते का, येवढंच आमाले सांगजो." वेचणीचे ते दोन-तीन महिने गेले तर या आठ घरांत पुढं काय शिजणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी पण त्यांच्या बरोबरीनं वेचत आलेली बाई आहे. मी म्हटलं, खरं असेल तेच सांगीन.

तिथं दहा दिवस आम्हाला मशीनच दाखवल्या. निळ्या रंगाच्या, घराएवढ्या उंच. एक मशीन शेतात शिरली की लांबून पाहावं तर मागं नुसती पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उभी, कापूस सगळा तिच्या पोटात. आमच्यातले पुरुष तिच्याभोवती नवरदेवाच्या घोडीभोवती फिरावं तसे फिरायचे. मी रोज विचारायचे, बाया वेचत नाहीत का? तिथला अधिकारी हसायचा, काहीतरी बोलायचा, आणि आमची दुभाषी पोरगी खाली पाहून सांगायची, "सब मशीन करती है, माँ जी." पोरगी वीसेक वर्षांची, कॉलेजात शिकणारी. हिंदी माझ्यापेक्षा चांगली बोलायची, कारण माझी हिंदी नागपूरच्या बाजारातली. तिचं ते उत्तर ऐकलं की एकच वाटायचं, घरी जाऊन त्या आठ जणींना काय तोंड दाखवू?

शेवटचा दिवस मोकळा होता. विमान संध्याकाळचं. पुरुष मंडळी घड्याळं घ्यायला निघाली आणि आमच्या दौऱ्याच्या पुढारी साहेबानं मला खोलीतच बसायला सांगितलं. बाईमाणूस, कुठं हरवलं तर? माझं डोकंच फिरलं. दहा दिवस तुमच्या मागं मुकाट्यानं फिरले, आता शेवटच्या दिवशी काय भिंती मोजू, असं मी त्याला तोंडावर ऐकवलं. मग त्या पोरीचा हात धरला आणि म्हटलं, चल पोरी, मला तुझं गाव दाखव. ती पहिल्यांदाच खळखळून हसली.

काय सांगू ते शहर! रुंद रस्ते, दोन्ही अंगाला झाडं, आणि झाडांच्या बुडाशी पाटाचं पाणी झुळझुळ वाहतंय, ऐन शहरात. माझं लुगडं पाहून लोक थांबायचे. टोपीवाल्या एका म्हाताऱ्यानं छातीवर हात ठेवून हिंदी सिनेमाचं गाणं म्हणून दाखवलं. सूर पार हुकलेला, पण शब्द एक नाही चुकला. मग पोरीनं मला जमिनीखालच्या आगगाडीकडं नेलं. तिथं पायऱ्या आपोआप खाली जातात. मी काठावर उभी. पाय टाकावा तर लुगडं अडकेल, न टाकावा तर मागचे लोक खोळंबतात. शेवटी निऱ्या मुठीत धरल्या, केळझरच्या गणपतीचं नाव घेतलं आणि पाय टाकला. अवो माय, काय मजा! खाली गेले, वर आले, पुन्हा खाली गेले. तिसऱ्या खेपेला पोरगी म्हणाली, माँ जी, अब गाड़ी में भी बैठेंगे? खाली एका स्टेशनाच्या भिंतीवर कापसाची बोंडं काढलेली होती, चकचकीत, देवळात काढावीत तशी. कापसाचा इतका मान मी आमच्या कापसाच्या मुलखातही पाहिला नव्हता. मी तिथंच हात जोडले.

बाजारात खरबुजांचे ढीग होते, एकेक खरबूज उचलायला दोन हात लागावेत असं. पोरीनं एक फोड कापून घेतली आणि माझ्यापुढं धरली. मी फोड घ्यायला गेले आणि माझी नजर तिच्या बोटांवर पडली. नखांच्या कडेला बारीक ओरखडे, दोन्ही हातांना. काही जुने काळे पडलेले, काही दोन-चार दिवसांचे, खपली धरलेले. वाळल्या बोंडाचं टोक सुईसारखं असते. कापूस ओढताना ते नेमकं तिथंच लागते, दुसरीकडं कुठं लागत नाही. दहा दिवस मी मशीनवाल्यांना विचारत होते आणि उत्तर माझ्या शेजारी बसून जेवत होतं. काखेत कळसा म्हणतात तो हा.

मी खरबूजवाल्याच्या फळीवर तिच्या हाताशेजारी माझा हात ठेवला. तेच ओरखडे, माझे वीस वर्षांचे जुने. तिनं झटकन हात बाहीत ओढला आणि इकडंतिकडं पाहिलं. मी हळूच म्हटलं, "बेटी, मेरे से झूठ मत बोल. ये कपास चुनने का हाथ है." तिच्या डोळ्यात पाणी आलं. मग ती कुजबुजली, घर चलोगी?

जुन्या वस्तीत मातीच्या भिंतींची घरं होती, बोळ इतके अरुंद की बैलगाडी शिरायची नाही. अंगणात द्राक्षाचा वेल. तिची आई नुकतीच शहराबाहेरच्या शेतातून आली होती आणि कंबरेला कापूस टाकायची कापडाची ओटी अजून बांधलेली, आम्ही वेचताना बांधतो तश्शीच! माझा आनंद मावेना. पोरीनं सगळं सांगितलं. मशीन आहेत, पण मशीन पालापाचोळ्यासकट कापूस ओढते आणि अर्धा झाडावर ठेवते. चांगला कापूस अजून हातानंच वेचतात. हंगाम आला की कॉलेजं बंद, पोरी शेतात. ती फक्त आमच्यासाठी शेतातून सुटली होती, आणि आमच्या दौऱ्यातल्या एका सुट्टीच्या दिवशी पुन्हा वेचून आली होती. पाहुण्यांना दाखवायचे दात वेगळे, एवढंच.

तिच्या आईनं स्वतःची ओटी सोडून माझ्या कंबरेला बांधली आणि मला भिंतीशी रचलेल्या जळणाच्या पऱ्हाटीकडं ओढत नेलं. तिच्यावर मागं राहिलेली काही बोंडं होती. आम्ही दोघी सुरू झालो. भाषा नाही, काही नाही, नुसते हात. मी दोन्ही हातांनी वेचते, पाचही पाकळ्यांतला कापूस एका ओढीत, कचऱ्याचा कण नाही. ती बाई थांबूनच पाहायला लागली आणि मग माझ्या पाठीत अशी थाप मारली की मी पुढं कोलमडले. दोघी पोट धरधरून हसलो. दही आणि गोल भाकर खाल्ली. निघताना पोरीनं हात जोडून विनवलं की साहेब लोकांना यातलं काही सांगू नका. मी शपथ घेतली. साहेबाला सांगणार नाही, पण घरी आठ जणी वाट पाहून राहिल्या आहेत, त्यांना सांगीन म्हटलं.

विमानतळावर आम्ही धावतपळत पोचलो. साहेब सगळ्यांदेखत माझ्यावर खेकसला. एरवी मी त्याला सोडलं नसतं, पण त्या दिवशी मला त्याचा रागच येईना. विमानात सगळा वेळ मी खिडकीशी बसून मनात तेच घोकत होते, कापूस बायाच वेचतात, कापूस बायाच वेचतात.

गावी आले त्याच्या तिसऱ्या दिवशी पहिला वेचा होता. आठही जणी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभ्या. मी दुरूनच ओरडत गेले, मशीन हाय, पण तुमची वेचाई कोणी खात नाई! मग काय विचारता. एकीनं माझी अलाबला घेतली, दुसरी नाचायलाच लागली. मला तर जिंकून आल्यासारखं झालं. मी त्या पोरीची बोटं, तिच्या आईची ओटी, सगळं रंगवून सांगितलं. पोरगी कॉलेजात शिकते, तीन-तीन भाषा बोलते, तरी कापूस वेचते, असंही कौतुकानं सांगितलं.

म्होरकी तेवढी हसली नव्हती. तिनं विचारलं, "कालेजात शिकूनबी कापूसच वेचते?"

मी म्हटलं, हो.

"माही पोट्टी औंदा सातवीत गेली. तिचे हात असे होऊ नाई म्हणून तिले म्या वावरात पाय ठेवू देल्ला नाई." ती माझ्याकडं पाहत राहिली. "मंग मी तिले शाळेत कायले धाडून राह्यली, बाई?"

खरं सांगीन म्हणून मोठ्या तोऱ्यात आलेल्या मी माझेच ओरखड्यांचे हात पदराखाली झाकले.   म्होरकीनं ओटी कंबरेला कसली आणि आपली ओळ धरली.