डोंगरपालींचा कायदा

माझी धाकटी बहीण बारा वर्षांची असताना वारली. लहानपणी आलेल्या तापाने तिचा डावा पाय बारीक राहिला होता. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. वडील त्याआधीच वारले होते आणि आई लोकांचे कपडे शिवायची.

एकदा भेळेचा कागद एका इंग्रजी मासिकाचा निघाला. त्यावर तळ्याकाठी उभ्या राहिलेल्या अजस्र प्राण्यांचा कळप होता. आमच्या मास्तरांनी 'डायनोसॉर' हे नाव सांगितलं. बहिणीला ते रुचलं नाही. तिने त्यांना डोंगरपाली म्हणायला सुरुवात केली आणि तेलकट कागद उंबऱ्याजवळच्या भिंतीला चिकटवला.

या कळपाचा म्होरक्या कसा ठरत असेल, यावरून आमची भांडणं होत. मी तालमीत जाणारा. माझ्या मते कुस्ती लावायची आणि जिंकेल तो म्होरक्या.

"आन् हरल्याल्याचा पाय मोडला तर त्येला कोन बघायचं? तुझा पैलवान?" ती म्हणाली.

"मग तू सांग की, शहाणे."

ती रोज उंबऱ्यात बसून रंकाळा तळ्यावर जाणाऱ्या म्हशी बघायची. पुढची म्हातारी म्हैस कोपऱ्यावर थांबते, मागची हंबरली की मान वळवते, हे तिने टिपलं होतं. त्यावरून तिने कायदा केला. सगळ्यात मागचा ज्याच्या मागून चालायला तयार, तो म्होरक्या. मागच्याने हाक दिली की म्होरक्याने थांबायचं. जो थांबणार नाही, त्याने उद्यापासून शेवटी चालायचं.

"आता मागची मी," ती म्हणाली. "म्हंजे म्होरक्या तू. दुसरं हायेच कोन?"

तेव्हापासून संध्याकाळी आम्ही तळ्यावर असेच जायचो. मी पुढे, ती मागे. दमली की छातीतून "हूंऽऽ" असा आवाज काढायची. मी थांबायचो. रस्त्यावरची माणसं हसायची. तिला त्याचं काही नव्हतं.

एका संध्याकाळी वाटेत तालमीतली पोरं भेटली आणि माझ्याबरोबर चालू लागली. मागून हाक आली.

"तुझी म्हस बोलवतीया की रं तुला," एकजण म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो.

पुन्हा हाक आली. मी चाललो. तिसरी हाक आली तेव्हा मी मुद्दाम मोठ्याने बोलू लागलो.

घरी आलो तर ती उंबऱ्यात पाय चोळत बसली होती. अर्ध्या वाटेवरून एकटीच परतली होती.

"ऐकू आलं न्हाय," मी म्हणालो.

तिने पाय चोळणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. "वारं असंल," ती म्हणाली. मग भिंतीवरच्या कागदाकडे बघून कायद्यात भर घातली, "वारं असलं तर म्होरक्याची चूक धरायची न्हाय."

त्यानंतर ती माझ्याबरोबर तळ्यावर आली नाही. मी बोलावलं की म्हणायची, पाय दुखतोय. मीही फार आग्रह धरला नाही. पोरांबरोबर जायला मोकळीक मिळाली, असंच तेव्हा वाटलं. हे लिहिताना हात अडतो, पण तसं वाटलं होतं खरं.

थंडीत तिला विषमज्वर झाला. तापात ती कळपाबद्दल काहीबाही बोलायची. हाक मात्र तिने एकदाही दिली नाही. मी उशाशीच बसलेला असायचो.

घरात पुरुष मीच. विस्तवाचं मडकं माझ्या हातात दिलं. चुलते कानाशी येऊन म्हणाले, "तू म्होरं चालायचं. घाटापतोर मागं वळून बघायचं न्हाय, बाळा."

पंचगंगेपर्यंत मी पुढे चाललो. मागून माणसांच्या चपलांचा आवाज येत होता. मी मान वळवली नाही. सगळं लक्ष कानात होतं.

त्या दिवशी वारं नव्हतं.