पाचगणीचं अस्वल आणि बेदाण्याचा खोका

पाचगणीला जायचं उन्हाळ्यातच ठरलं होतं. तेव्हा घरात आम्ही चौघं होतो. ब्याण्णवच्या डिसेंबरात निघालो तेव्हा चिमी आणि मी, दोघंच.

पसरणीचा घाट चढून गेल्यावर तेव्हा एक बाग नवीन निघाली होती. छोटी आगगाडी, पाळणे आणि मुलांशी हात मिळवणारं माणसाएवढं अस्वल. शेजाऱ्यांची मुलगी त्याला बघून इतकी रडली, की ते काही न बघताच परतले. आमची चिमी चार वर्षांची आणि भित्री. म्हणून तिच्या दादाने, नऊ वर्षांच्या अजूने, तिची तयारी अंगावर घेतली.

तासगावहून आलेला बेदाण्याचा रिकामा खोका त्याने घेतला. डोळ्यांसाठी भोकं पाडली, पुठ्ठ्याचे कान चिकटवले. दोन दिवस खोका नुसता तिला खेळायला दिला. मग तिच्यादेखत डोक्यात घातला, काढला. मग घोंगडी पांघरून दाराआडून येऊ लागला. ती किंचाळली की खोका वर करायचा.

“भित्री भागूबाई! मीच आहे की गं आत.”

आठ दिवसांत तिची भीती मोडली. उलट तीच खोक्यावर टकटक करून म्हणायची, “दादा, बास आता. नीघ बाहेर.”

पद्धत चांगली होती. तिच्यातली चूक आम्हाला कुणालाच दिसली नाही.

श्रावणात अजूला ताप आला. पाचव्या दिवशी तो गेला. चिमीला नातेवाइकांनी सांगितलं, दादा गावाला गेलाय. मी ते खोडून काढलं नाही.

पुढे तिने अस्वलाचा हट्ट धरला. हिला, चिमीच्या आईला, येणं जमणार नव्हतं. “तुम्ही न्या. कबूल केलंय आपण तिला,” एवढंच म्हणाली.

सकाळी सहाची एसटी धरली. तिघांच्या बाकावर चिमीने मधे पिशवी ठेवली. कऱ्हाडला गर्दी चढली.

“आवं सायेब, पिशवी मांडीवर घ्या की. मानसं हुबी हायती,” कंडक्टर म्हणाला.

“ती दादाची जागा आहे,” चिमी म्हणाली.

“कुठं चढणार हाय दादा?”

मी पिशवी मांडीवर घेतली.

साताऱ्याला गाडी बदलून वाईमार्गे गेलो. घाटात मुलांना मळमळतं. आवळासुपारी जवळ ठेवावी आणि पुढची सीट धरावी. वर स्ट्रॉबेरी नुकती सुरू झाली होती, महाग आणि आंबट; तरी एक पुडा घेतला. बागेचं तिकीट मोठ्यांना दहा रुपये, लहानांना पाच.

अस्वल कारंज्यापाशी उभं होतं. बाकीची मुलं आयांच्या पदरात तोंड लपवत होती. चिमी माझा हात सोडून सरळ पळत गेली, त्याच्या पोटावर टकटक केली.

“दादा, बास आता. नीघ बाहेर.”

अस्वलाने हात पुढे केला. तिने तो झटकला. “खेळ संपला ना! आई वाट बघतेय.”

मी धावत गेलो. अस्वलाला हळू म्हणालो, “जरा डोकं काढता का?”

“न्हाई जमणार. मालक वरडत्यात,” आतून आवाज आला.

“हिचा भाऊ वारलाय. तिला वाटतंय तो आत आहे.”

अस्वलाने इकडेतिकडे पाहिलं. मग आम्हाला तिकिटाच्या खोपटामागे घेऊन गेलं. दोन्ही हातांनी डोकं उतरवलं. चाळिशीतला माणूस, कपाळाला टॉवेल बांधलेला, घामाने निथळत होता.

“बघ बाय, मी हाय. लय उकडतंय बघ आत.”

चिमीने त्याच्याकडे पाहिलं. मग जमिनीवर ठेवलेल्या डोक्यात हात घालून आतून चाचपलं. तो माणूस माझ्याकडे बघत नव्हता.

बाकावर बसून मी तिला सांगितलं. “दादा गावाला गेलेला नाही, चिमी. तो आता येणार नाही.”

“कुठल्याच अस्वलात नाही?”

“नाही.”

कागदात तिने दोन स्ट्रॉबेरी बाजूला ठेवल्या होत्या. त्या तशाच बाकावर राहिल्या. आगगाडीत बसायचं नाही म्हणाली.

घरी हिने विचारलं, “भ्याली का?”

“नाही.”

चिमीने पलंगाखालचा खोका ओढला, आत पाहिलं आणि परत ढकलून दिला.

ती बाग आता नाही. खोका माळ्यावर आहे, एक कान गळलाय. मुलांना अशा ठिकाणी नेणार असाल तर तयारी जरूर करा. पण आत ओळखीचं माणूस असतं असं शिकवू नका.

मागच्या महिन्यात चिमीचा फोन आला. तिच्या मुलाला मोठ्या पार्कात न्यायचंय, तिथे अशी सोंगं पुष्कळ असतात. “बाबा, मला कसं तयार केलं होतं? अस्वल आठवतं मला, आतला टॉवेलवाला माणूसही. आणि घरातला तो खोका.”

“खोका कोण घालायचं?” मी विचारलं.



“तुम्हीच ना?”

हेही मी खोडून काढलं नाही.