ड्राइव्ह म्हणतो, खोटं

अर्धांगवायूनं बाबांची वाचा गेली. एका नाताळच्या उपासनेत त्यांनी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, म्हटलेलं गीत तेवढं सीडीवर उतरवलेलं होतं. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. घरात कॉम्प्युटरचं कळतं ते मला, म्हणजे वासरांत लंगडी गाय शहाणी. आणि सगळ्या राहात्यात सीडी चालणारा कॉम्प्युटर बहुधा माझ्याचकडे उरलेला. रविवारी देवळातून आल्या आल्या आईनं ती सीडी माझ्या हातात ठेवली.

ड्राइव्हमध्ये घातली. तो घरघरला, थांबला आणि पुढे ताकास तूर लागू देईना. माउसनं कितीही टिचक्या मारल्या तरी पडद्यावर काही येईना. मग मी काळी खिडकी उघडली. तिथं कमांड लिहून थेट विचारता येतं, आत डिस्क आहे का. असली तर ट्रू, नसली तर फॉल्स. तिसरं उत्तर त्याला ठाऊक नाही.

फॉल्स आलं.

आई खुर्चीमागे उभी होती. नातीच्या इंग्रजी पेपरातल्या ट्रू की फॉल्समुळे हा शब्द तिच्या ओळखीचा.

"फॉल्स म्हंजी खोटं ना?" ती म्हणाली. "आरं, सगळ्या मंडळीसमोर गायले ते. खोटं कसं हुईल?"

गाण्याबद्दल नाही गं, आत सीडीच नाही असं तो म्हणतोय, हे मी तिला समजावलं. पण माझ्यादेखत घातलीस की, असं तिचं म्हणणं. ते बरोबर होतं, म्हणूनच मला तिचा राग आला. सीडी काढून बनियनला पुसली, खिडकीशी धरली. चंदेरी थर जागोजागी उडाला होता, त्यातून अंगणातलं ऊन दिसत होतं. तरी पुन्हा घातली, पुन्हा विचारलं. फॉल्स.

ड्राइव्हच बिघडला असेल, या वेड्या आशेनं चुलतभावाच्या लग्नाची सीडी घातली. लगेच ट्रू. ड्राइव्ह ठणठणीत होता. म्हणजे दुरुस्त करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

आईनं मात्र ट्रू तेवढं वाचलं आणि बाबांच्या खाटेकडे वळली. "खरं म्हनतंय बगा आता. ऐका."

ही सीडी वेगळी आहे, हे मला तिला सांगावं लागलं. त्या दिवशी याहून वाईट काम मी केलं नाही.

बाबा मघापासून सगळं ऐकत होते. चालत्या हातावर भार देऊन ते अर्धे उठले, कॉम्प्युटरकडे तोंड केलं आणि गायला लागले. घशातून नुसती घरघर आली, लाळ हनुवटीवर उतरली. थांबून त्यांनी परत सुरुवात केली. ते आमच्याकडे बघतच नव्हते.

आईनं पदरानं त्यांचं तोंड पुसलं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "त्याला न्हाई ऐकू येत."