आमदाराइतका इको

आमच्या बँडचा तो धूसर, तरंगता आवाज कुठून आला, असं मला तीन-चार वेळा तरी विचारलं गेलं आहे. दरवेळी मी एकच उत्तर दिलं. भर उन्हात भोकरदनच्या रस्त्यावर लांबचं डांबर पाणी असल्यासारखं हलतं, तसं गाणं ऐकू यावं अशी आमची इच्छा होती, असं मी सांगायचो. ऐकणारे खूश व्हायचे. उत्तर चांगलं आहे, पण खोटं आहे. ते मला फार नंतर सुचलं, आणि सुचलं तेही खरं सांगावं लागू नये म्हणून.

आम्ही तिघे होतो. मी हसनाबादकडच्या शेतकरी घरातला. औरंगाबादला कॉलेजात शिकायचो आणि शनिवारी एसटीनं जालन्याला काकांकडे यायचो. माझी गिटार घरात कुणाला आवडत नव्हती. "वाजंत्री व्हायचंय का?" एवढंच वडील म्हणायचे. दुसरा एका शिंप्याचा मुलगा, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कॅसिओ वाजवणारा. तिसरा, ज्याच्यासाठी मी हे लिहितो आहे, तो जुन्या जालन्यातल्या एका लाउडस्पीकरच्या दुकानात ऑपरेटर होता. त्याच्या घरच्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं घेऊन मुलूख पालथा घातला होता. आता अंकुशनगरला कारखान्याजवळ पत्र्याचं घर बांधून ते ऊसतोडीला आणि मजुरीला जात. माईक तपासताना सगळे 'हॅलो, हॅलो' म्हणतात. तो स्वतः जुळवलेली एखादी ओळ गायचा. आवाज बारीक आणि लांब, माळाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला हाक मारावी तसा.

बँड सुरू झाला तो लग्नाच्या तिथी नसलेल्या महिन्यांत. गणपती-नवरात्राचे दिवस सोडले तर पावसाळाभर दुकानातलं सामान पडून असायचं. दुकानदार म्हणाले, "वाजवा, पण कर्ण्यांवरची धूळ तेवढी झटकत जा." दुपारी खाली भुसाराची पोती चढत-उतरत असायची आणि वर माळ्यावर आम्ही वाजवायचो. आधी सिनेमाची गाणी वाजवली. ती वेगात जमत नव्हती, म्हणून सावकाश वाजवू लागलो. कॅसिओवाला व्हायोलिनच्या आवाजाची एकच पट्टी दाबून धरायचा आणि मिनिटभर सोडायचाच नाही. मी तारा छेडण्याऐवजी नुसता हात फिरवायचो. ढोलकी नाही, तबला नाही. त्यावर ऑपरेटर त्याच्या ओळी गायचा. हे तिन्ही पहिल्यांदा जुळून आलं, तेव्हा एक हमाल पाठीवर पोतं घेऊन जिन्याशी थांबला.

"काय रे पोरांनो, वर कोणी गेलं का?"

आम्ही पोट धरून हसलो. पण त्या दिवसापासून आम्ही तसंच वाजवू लागलो.

त्याचं सगळ्यात चांगलं गाणं आईवर होतं. मेंढरांचा तळ हलतो त्या सकाळचं. ते कॅसेटवर भरायचं आणि तिला ऐकवायचं, एवढंच त्याला बँडकडून हवं होतं. नाव, कार्यक्रम, पैसा, कशाचीच त्याला हौस नव्हती. चारचौघांत आईच्या तोंडावर तिच्यावरचं गाणं म्हणायला मात्र तो लाजायचा. "टेपातून ऐकली म्हणजे बरं," म्हणायचा.

मी ते साधंच भरून घेतलं आणि आधी होस्टेलवर नेलं. चार ओळी झाल्या नाहीत तोच एक जण म्हणाला, "हा कोण रे? मेंढरं हाकतोय का?" दुसऱ्यानं त्याच्या बोलण्याची नक्कल केली. खोली हसली. मीही हसलो. त्यांच्याइतकंच मोठ्यानं. होस्टेलच्या पहिल्या महिन्यातच मी माझी बोली घासून साफ केली होती; मीही गावाकडचाच आहे हे कुणाच्या लक्षात येऊ नये, याची मला सतत धास्ती असायची. "रफ आहे," मी म्हणालो, "अजून काम चाललंय."

पुढच्या शनिवारी मी काय केलं ते सांगण्याआधी त्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे सभेत, लग्नात इको हा मान असतो. माणूस जितका मोठा, तितका त्याचा आवाज घुमवायचा. आमच्या ऑपरेटरचं गणित पक्कं होतं: "नवरदेवाच्या मामाला दोनवर, सरपंचाला चारवर, अन् आमदाराला बिलकुल फुल." एका सरपंचाला चुकून दोनवर बोलायला लावलं, तर त्यानं मंडपातच विचारलं होतं, "आमचा आवाज काय उधारीचा आहे का?"

तर त्या शनिवारी, शब्द कळू नयेत म्हणून, मी अ‍ॅम्प्लिफायरवरचं इकोचं बटन त्याच्यासाठी शेवटपर्यंत फिरवलं.

त्यानं ते पाहिलं. "एवढा? आमदाराइतका?"

"तू सिंगर आहेस आपला," मी म्हणालो.

भिंतीवरच्या आरशात बघून त्यानं केस विंचरले, शर्टाचं वरचं बटन लावलं, आणि मग माईकसमोर उभा राहिला. कॅसिओवाल्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. त्याला कळलं होतं, असं मला आजही वाटतं.

ती कॅसेट होस्टेलवर लावली तेव्हा कुणी हसलं नाही. परदेशी कॅसेटी जमवणारा एक मुलगा म्हणाला, "अरे, ह्याला ड्रीम पॉप म्हणतात! शब्द विरघळून टाकायची आयडिया कुणाची?" मी म्हणालो, "माझी." 'ड्रीम पॉप' हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. महिन्याभरात आम्हाला कॉलेजच्या कार्यक्रमात बोलावणं आलं. मग आम्ही थोड्या कॅसेटी काढल्या.

पहिली कॅसेट घेऊन तो घरी गेला. मलाही नेलं. शेजाऱ्याचा टेप ओट्यावर ठेवला, दहा-पंधरा माणसं जमली. त्याच्या आईनं पदर सावरून कान टेपजवळ नेला. गाणं संपलं.

"बोलला काय तू ह्याच्यात?" तिनं विचारलं.

"थांब, पुन्यांदा लावतो."

पुन्हा लावलं.

"विहिरीत पडल्यावानी आवाज येऊन राह्यला तुझा."

"अरे, दोर सोडा रे कोणी!" मागून एक म्हातारा ओरडला. सगळे हसले.

"माय, तुला कळत न्हाई," तो म्हणाला. "आमदाराला देतेत तेवढा इको हाय हा. ह्यानं दिला मला." त्यानं माझ्याकडे बोट केलं.

"ते बराबर हाय, बाबा. मोठेपणा झाला. पण बोलला काय?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. तेव्हा सांगता आलं असतं. साधी भरलेली कॅसेट माझ्या ट्रंकेत अजून होती. मी म्हणालो, "मावशी, आजकाल अशीच पद्धत आहे." तिनं मान हलवली. शहरात शिकणारा मुलगा सांगतोय, म्हणजे असेल. होस्टेलवर परतल्यावर मी त्या साध्या कॅसेटवर दुसरं काहीतरी भरून टाकलं.

वर्षभरानं पुण्यात एका मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम मिळाला. दुपारी आवाजाची तपासणी चालली होती. तो रंगमंचावर, मी हॉलच्या मागे तिथल्या साउंडवाल्याजवळ. साउंडवाला म्हणाला, "गाणाऱ्याचा आवाज छान आहे. एवढा बुडवता कशाला? शब्द तर ऐकू येऊ देत."

"नको," मी घाईनं म्हणालो. "उच्चार एकदम गावठी आहेत त्याचे. झाकलेलेच बरे."

साउंडवाल्याचा रंगमंचाशी बोलायचा माईक चालू होता. माझं वाक्य रंगमंचावरच्या स्पीकरमधून ऑपरेटरच्या पायाशी ऐकू गेलं. माझ्या आवाजाला इको नव्हता. शब्दन्‌शब्द स्वच्छ.

तो हलला नाही. संध्याकाळी सगळी गाणी गायला, होती तशीच. नंतर सवयीनं सगळ्यांच्या वायरी गुंडाळून ठेवल्या, माझीसुद्धा. परतीच्या गाडीत नगर गेल्यावर तो पहिल्यांदा बोलला.

"आमदाराला बी ह्याच्यासाठीच देत असतेन का रे इको?"

कॅसिओवाला खिडकीबाहेर बघत राहिला. त्यानंतर ऑपरेटर आमच्यात आला नाही. मी औरंगाबादचा एक शुद्ध बोलणारा गायक घेतला, एक सीडी काढली. ती कुणी फारशी ऐकली नाही, आणि ते योग्यच झालं.

सात-आठ वर्षांनी मी अंकुशनगरला गेलो. त्याचं आता स्वतःचं साउंडचं दुकान होतं. तो टेम्पोत बॉक्स चढवत होता.

"जल्दी बोल भाऊ, मंडपात टाइम दिलाय."

मी सगळं सांगितलं. होस्टेलातलं हसणं, बटन, पुसलेली कॅसेट. तो दोरीला गाठी मारत ऐकत होता.

"झालं?"

"माफ कर."

"मला पुण्यातच कळल्तं. कॅसेटचं तेवढं नवं हाय." त्यानं गाठ ओढून पाहिली. "मी गाणं सोडलं. माय अजून विचारून राह्यली, काय बोलल्ता तू. मी न्हाई सांगत. आत बसली हाय. जा, तू सांग."

ती सुपात गहू निवडत होती. तिनं मला ओळखलं. मी म्हणालो, "मावशी, त्या गाण्यात काय होतं ते सांगायला आलो." तिनं सूप बाजूला ठेवलं. मी तिच्यासमोर बसून म्हणालो:

"तळ उठला, चूल मागं राह्यली,
राखंत हात घाल माय, अजून ऊब हाय."

ती म्हणाली, "खरं हाय. थंडीचं राखंत हात घालून बसायचा तो. उठायचाच न्हाई. मेंढरांचं खांडं पुढं निघून जायचं." तिनं डोळ्यांना पदर लावला. "मंग? पुढं?"

मी तोंड उघडलं. कॅसिओची पट्टी कुठे बदलते ते मला आठवत होतं. माझा हात तारांवर कधी यायचा, तेही आठवत होतं. आणखी बारा-चौदा ओळी होत्या. शंभरदा तरी मी त्या गाण्याबरोबर वाजवलं असेल. त्यातली एकही मी कधी कान देऊन ऐकली नव्हती.

बाहेर टेम्पो सुरू झाला आणि निघून गेला. तिनं आणखी थोडी वाट पाहिली. मग सूप पुढ्यात ओढलं.