मी न दिलेली शिक्षा

तो आला तेव्हा मी गच्चीवर मिरच्यांची देठं खुडत बसले होते. एप्रिल महिना होता. भिवापूरची मिरची तीन दिवस उन्हात पडून कडक झाली होती आणि देठ मोडलं की आतलं बी उडायचं. नाकातोंडाला पदर बांधला तरी ठसका लागतच होता. डोळे सकाळपासून वाहत होते.

खालून आमच्या ह्यांची हाक आली, "अवं, कोण आलं पाह्य!" आवाजावरूनच कळलं की कोणी साधंसुधं आलेलं नाही. मी उठायच्या आत चारपाच माणसं जिना चढून वर आली. पुढे तो. वीसेक वर्षांपूर्वी मी त्याला सातवीत मराठी शिकवलं होतं. त्यानंतर त्याला पाहिलं ते फक्त ह्यांच्या फोनवर. गळ्यात दुपट्टा, पायात साधी चप्पल, आणि अस्सल वऱ्हाडीत दीड मिनिटाची गंमत. कधी सासू-सुनेवर, कधी वीजबिलावर, कधी रस्त्यातल्या खड्ड्यांवर. आमच्या नंदनवन वस्तीत तो पानठेल्यावर थांबला तरी गर्दी जमायची, असं लोक सांगत.

त्यानं वाकून नमस्कार केला. "ओळखलंत का, बाई?"

"न ओळखायला काय झालं? वक्तृत्वाची ढाल दरवर्षी कोण आणायचं शाळेत?"

हातांना मिरची लागलेली, म्हणून मी नुसतं कोपरानंच त्याच्या डोक्याला शिवले. तो हसला. तब्येत विचारली, वाचन चालू आहे का विचारलं. बोलणं अगदी पुस्तकातलं, शाळेत होतं तसंच. त्याच्या एका माणसाच्या हातात काठीला लावलेला फोन होता. मी म्हटलं, "ते बंद कर बरं." तो म्हणाला, "बंदच आहे, बाई." चहा न घेताच ते निघून गेले.

संध्याकाळी ह्यांनी फोन माझ्यापुढे धरला. मागे बासरी वाजत होती. तो वाकतोय, आणि मग माझा चेहरा, फक्त चेहरा. डोळ्यांतून धारा लागलेल्या. मिरच्या नाहीत, सूप नाही, नाकावरून खाली घसरलेला पदर तेवढा दिसत होता. वरून त्याचा आवाज: "ह्या माह्या बाई. वीस वर्सानं लेकराले पाह्यलं अन् डोये भरून आले."

"अहो, ती मिरची होती," मी म्हटलं.

"मालूम आहे मले. पण पाह्य तं, किती लोकं पाहून राहिले तुले!"

कळमेश्वरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून ह्यांचा दिवस फोनवरच जायचा. आता त्या फोनमध्ये बायकोच आल्यावर त्यांचा आनंद काय सांगावा!

दुसऱ्या दिवसापासून मी ज्याला-त्याला मिरचीचं सांगत सुटले. भाजीवाली हसली. जुन्या शाळेतल्या सहकारी बाईंचा फोन आला, त्याही हसल्या. म्हणाल्या, "रडलात तर रडलात, त्यात लाजायचं काय?" चारदा सांगितल्यावर मलाही नीट आठवेना. त्याला पाहून बरं वाटलं होतं, हे तर खरंच. त्या बरं वाटण्यात एखादा थेंब त्याच्यासाठी असेलही. माझी अडचण तीच होती. ते धडधडीत खोटं असतं तर मी भांडले असते. खऱ्याच्या चिमटीवर खोट्याची परात पालथी घातली होती आणि मला बोलायला तोंड नव्हतं.

मी त्याला फोन लावला. दोन दिवसांनी त्याचा उलटा फोन आला. "बाई, लोक ते पाहून आपापल्या शिक्षकांना भेटायला जाताहेत. चांगलंच झालं ना?" मी गप्प बसले. ते गप्प बसणं मला पुढे नडलं.

पावसाळा संपला आणि तो महानगरपालिकेच्या निवडणुकीला उभा राहिल्याचं कळलं. पक्ष नाही, अपक्ष. आमच्या चौकात त्याचा मोठा फ्लेक्स लागला. तो वाकलेला, मी रडते आहे, खाली लिहिलेलं: 'गुरूचा आशीर्वाद, मातीचा माणूस.' मला कुणी विचारलं नव्हतं. तेव्हापासून मी बाजाराला मागच्या गल्लीतून जाऊ लागले. एप्रिलमध्ये गच्चीवर आला तेव्हाच त्यानं हे ठरवलं होतं का, असा संशय मनात शिरला तो निघेना. मग प्रत्येक गोष्टीकडे मी त्याच नजरेनं बघू लागले. तो एखाद्या म्हाताऱ्याच्या हातगाडीला हात लावताना दिसला की मी आधी ते फोनवर टिपणारा माणूस कुठे उभा असेल ते शोधायची.

एकदा त्याच्या सभेलाही जाऊन आले, मागे उभी राहून. खुर्च्या भरून लोक रस्त्यावर आले होते. तो माणसाला धरून ठेवायचा, हे कबूल करायला हवं. म्हणत होता, "ते शिकलेले लोकं. चांगलं चांगलं बोलतेत. आपण तोंड उघडलं का हसतेत. काहून गा? आपली भाषा भाषा नाही काय?" टाळ्या थांबेनात. एका बाईनं उभं राहून पाण्याबद्दल विचारलं, नळ एक दिवसाआड का येतो. त्यानं नळाची अशी नक्कल केली की ती बाई स्वतःच पदराआड हसत खाली बसली. प्रश्न तिथेच राहिला. मी घरी येताना विचार करत होते, हा आमच्या शाळेत असं कधी बोलला होता? एकदाही नाही. पण मग असंही वाटलं, मी जुन्या बाईसारखी पोराच्या मोठं होण्यावर जळत तर नाही ना? त्या दिवसांत मला माझाही भरवसा वाटत नव्हता.

एका दुपारी दोन अनोळखी माणसं घरी आली. बोलणं गोड. "काकू, आम्हाले काही नको. फक्त खरं काय ते सांगा." ती त्याच्या विरोधातल्या उमेदवाराकडून आली होती, ते मला कळत होतं. तरी मी बोलले, कारण खरं कधीतरी कुणीतरी ऐकावं असं वाटत होतं. मी म्हटलं, "मी रडले नव्हते, मिरची होती. न विचारता माझा फोटो लावला, हे बरं नाही केलं. पण तो हुशार मुलगा होता, त्याच्याबद्दल माझं काही वाईट मत नाही."

त्यांनी माझं बोलणं फोनवर टिपलं होतं, त्यातलं शेवटचं वाक्य कापलं. 'गुरूनंच फाडला बुरखा' असं वर लाल अक्षरात लिहिलं आणि सगळ्यांच्या फोनवर सोडून दिलं. दोन दिवस हे माझ्याशी धड बोलले नाहीत. "काहून बोलली तू? तुले कोणी सांगतलं होतं?" म्हणजे मिरचीचं खोटं त्यांना चाललं होतं, माझं खरं चाललं नाही.

त्याचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. आवाज शांत, मागे बासरी नाही. नाव न घेता तो बोलला. "माह्या एक बाई होत्या. मी 'मले' म्हटलं का बाकावर उभं करत. म्हणत, पह्यले 'मला' म्हण. लहान होतो, रडो. पण मी माही भाषा नाही सोडली. बाई, मी तुमाले तवाच माफ केलं."

मी ते तीनदा पाहिलं. जिवाचा नुसता संताप झाला. या मुलाला मी आयुष्यात कधी उभं केलं नव्हतं. त्याला 'मला' म्हण असं सांगायची गरजच पडली नव्हती. पण कुणाकडे जाऊन सांगणार? चौकातल्या मुली मला पाहून आपसांत "मले, मले" करून हसल्या. किराणावाला एरवी मला बाकीच्यांच्या आधी सामान द्यायचा. तो आता खाली मान घालून पुडके बांधत राहिला.

त्याच आठवड्यात मला ब्लाऊज शिवायला टाकायचे होते. शिवणारी माझीच विद्यार्थिनी, त्याच वर्गातली. घर विणकरांचं. हातमाग मोडून विकल्यावर तिनं पुढच्या खोलीत शिलाई मशीन टाकली होती. तिथे तरी माझी बाजू घेतली जाईल, असं वाटलं. मी म्हटलं, "तू तर होतीस ना वर्गात. मी त्याला कधी बाकावर उभं केलं होतं?"

"त्याले? नाही." तिनं गळ्यातली टेप काढली. "तो तं घरीही पुस्तकासारखाच बोले. त्याच्या घरी सगळेच तसे. उभं तुम्ही मले केलं होतं."

"तुला?"

"हो नं. मी म्हटलं, 'बाई, मले पाणी प्यायचं हाये.' तुम्ही म्हटलं, 'मला' म्हणशील तेव्हा जा. मी नाही म्हटलं. तास संपेपर्यंत उभी होती."

तिच्या आवाजात राग नव्हता. दर सांगावा तसं सांगितलं. मी आठवायचा खूप प्रयत्न केला. ती खिडकीजवळ बसायची हे आठवलं, वेणीच्या लाल रिबिनी आठवल्या. तिला उभं केल्याचं काही केल्या आठवलं नाही. मी बऱ्याच मुलांना तसं करायची, त्यांच्या भल्यासाठी. कुणाकुणाला, हे मला ठाऊक नव्हतं. त्यांना होतं.

"मग तू लोकांना सांग ना," मी म्हटलं, "की तो खोटं बोलतोय."

"खोटं कसं, बाई? झालं तं होतंच. त्याच्यासंगं नाही, माह्यासंगं झालं. मी सांगतलं असतं तं कोणी ऐकलं असतं काय?"

"मत त्यालाच देशील?"

"मंग कोणाले देऊ? बाकीचे तं ह्या गल्लीत आलेच नाही."

मी म्हटलं, "माझं चुकलं गं." तिच्या तोंडात टाचण्या होत्या. तिनं मान हलवली आणि म्हणाली, "हात वर करा बाई, माप घेतो."

मतदान झालं. मी कुणाला मत दिलं ते ह्यांनाही सांगितलं नाही. तो भरपूर मतांनी निवडून आला. मिरवणूक आमच्या घरावरून गेली तेव्हा वाजंत्री दारापुढे जरा जास्तच वेळ थांबली, असं मला वाटलं. ह्यांना तसं काही वाटलं नाही.

महिन्याभरात शाळेच्या स्नेहसंमेलनाला तो पाहुणा म्हणून आला. मलाही बोलावलं होतं. शिक्षकांच्या खोलीत चहाच्या वेळी बाकीचे मंचाकडे गेले आणि आम्ही दोघंच उरलो. मी सरळ विचारलं, "मी तुला कधी उभं केलं होतं रे?"

त्यानं कप खाली ठेवला. "खरं सांगू, बाई? इतक्यांदा सांगितलं की आता मलाच दिसतं. मी उभा आहे, तुम्ही फळ्याकडे तोंड करून लिहिताय."

"पण ते झालं नव्हतं."

"कुणाशी तरी झालंच असेल ना? माझ्या व्हिडिओंखाली कितीतरी जण आधीपासूनच लिहीत होते, आमच्याशी झालं म्हणून."

शिवणारी जे म्हणाली तेच हा म्हणत होता. तिनं त्याला सांगितलं होतं, की त्यानं तिच्यासारख्यांचं वाचून गोष्ट बनवली होती? मला विचारायचं होतं. तेवढ्यात त्याच्या खिशातून वर आलेली फोनची कड दिसली, कॅमेऱ्याची बाजू माझ्याकडे. माझ्या नजरेकडे पाहून तो हसला. "बंद आहे, बाई." पुढचं वाक्य मी गिळलं.

शिवणारीच्या घरामागची नाली महिनोन्‌महिने तुंबलेली होती. तिच्यासाठी मी अर्ज लिहून नेला होता, तो त्याच्या हातात दिला. त्यानं न उघडताच परत केला. "अर्ज कोण वाचतं, बाई? व्हिडिओ पाठवा." मी दुसऱ्या दिवशी महापालिकेच्या झोन कार्यालयात जाऊन तोच अर्ज दिला आणि प्रतीवर आवकचा शिक्का मारून घेतला. शिवणारीनं व्हिडिओही केला, तिच्या बोलीत, नाकाला रुमाल लावून. तो फारसा कुणी पाहिला नाही.

पाचेक आठवड्यांनी माणसं येऊन नाली उपसून गेली. मी त्यांच्यातल्या एकाला विचारलं, "कुणी पाठवलं?"

"सायबानं."

"कोणत्या साहेबानं?"

"ते नाही मालूम, बाई. यादीत नाव होतं."

त्या संध्याकाळी त्याच्या पानावर व्हिडिओ आला. तो नालीच्या काठावर उभा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. पाय स्वच्छ होते. दुसऱ्या दिवशी मी झोन कार्यालयात गेले. कारकुनानं नोंदवही काढून दाखवली. माझ्या अर्जापुढे 'निकाली' लिहिलं होतं, कामाचा आदेश नाली उपसायच्या आठ दिवस आधीचा. पण तो आदेश अर्जामुळे निघाला की कुणाच्या फोनमुळे, हे त्या वहीत लिहिलेलं नव्हतं. कारकुनाला विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, नाली साफ झाली ना?"

मी ते शिवणारीला सांगायला गेले. तिनं त्याचा व्हिडिओ आधीच सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता. मी चिडूनच विचारलं, "हे काहून?" माझ्या तोंडून 'काहून' गेलं हे तिनं ऐकलं की नाही, कळलं नाही.

"माही गल्ली दिसते त्याच्यात," ती म्हणाली आणि फोन माझ्यापुढे धरला. त्याच्या खांद्यामागे क्षणभर तिचं दार दिसत होतं. दारात ती उभी होती, चांगली साडी नेसून, कॅमेऱ्याकडे पाहत.