वॉनीटाच्या चाकापुढचं अंडं

वॉनीटा क्लेमने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. आता ती लुथरन चर्चच्या दफनभूमीतलं गवत कापते. बसमधली पोरं आणि जमिनीखालची मढी यांत मढी शिस्तीची, असं तिचं मत आहे. वय सहासष्ट. डावा गुडघा दुखतो. तोंड चांगलं चालतं.

चर्चने गवत कापायचं जुनं मॉवर भंगारात काढलं, ते तिने मागून घेतलं. पाती काढून टाकली, इंजिनाला मोठी पुली बसवली आणि त्याची शर्यतीची गाडी केली. ती ताशी पंचेचाळीस मैलांनी जाते. मी एकदा बसलो होतो. पुन्हा बसणार नाही.

आमच्या तालुक्याच्या जत्रेत मॉवरची शर्यत अंड्यावर सुरू होते. प्रत्येक गाडीच्या पुढच्या चाकाला टेकवून एक कच्चं अंडं ठेवतात. इंजिन चालू, क्लच दाबलेला, गाडी जागच्या जागी. झेंडा पडला की अंडं चिरडून निघायचं. झेंड्याआधी फुटलं तर तो गुन्हा. एका मोसमात तीन अंडी फुटली की गाडी बंद आणि तुमच्या हाती झेंडा. झेंडा हाती घेतलेलं माणूस परत गाडीवर बसलेलं कुणी पाहिलेलं नाही.

वॉनीटाची दोन फुटली होती.

"मी झेंडा हलवत उभी राहणार नाही," ती म्हणाली. "त्यापेक्षा मला इथेच पुरा. जागा मला माहीत आहे."

शनिवारची सकाळ होती. शर्यत दुपारी तीनला. दफनभूमीच्या शेडमध्ये गाडीची मागची चाकं उचलून तिने खाली थडग्याचे दोन दगड सारले होते. कोरलेली तारीख चुकल्यामुळे परत आलेले.

"बस वर," ती म्हणाली.

"मी?"

"नाही, तुझ्या मागे देवदूत उभा आहे, तो. बस, आणि क्लच दाब."

या गाडीचा क्लच म्हणजे एक पट्टा. तो इंजिनाच्या पुलीवरून मागच्या पुलीवर जातो. मध्ये एक छोटी पुली स्प्रिंगच्या जोरावर त्याला ताणून धरते. पेडल दाबलं की छोटी पुली मागे सरते, पट्टा ढिला पडतो आणि इंजिन एकटंच फिरत राहतं. निदान तसं व्हायला हवं.

मी पेडल तळापर्यंत दाबलं. मागची चाकं हवेत सावकाश फिरत राहिली.

तिने सगळं करून पाहिलं होतं. नवा पट्टा घातला. मग लांब पट्टा घातला, तर तो वेगात घसरायला लागला. ब्रेक आवळला, तर इंजिनच बंद पडलं. आता ती हातातली बॅटरी पेटवून गाडीखाली आडवी झाली होती.

"ढिला तर झालाय," खालून आवाज आला.

"मग?"

"सुटत नाही. पुलीच्या गळ्यात पडून बसलाय. दोन बाटल्या झाल्या की आमचा हरमन बसायचा, तसा."

हरमन तिचा नवरा. शेडपासून तिसऱ्या रांगेत असतो.

ती उठली आणि चर्चच्या नव्या मॉवरखाली सरपटत गेली. बाहेर फक्त तिचे बूट दिसत होते.

"इकडे ये. हे बघ."

इंजिनाच्या पुलीशेजारी दोन वाकड्या लोखंडी सळ्या होत्या. पट्ट्यापासून आगकाडीच्या जाडीइतक्या अंतरावर. पट्टा ढिला पडून बाहेर फुगला की त्यांना अडतो आणि पुलीवरून उचलला जातो.

"तुझ्या गाडीला नाहीत," मी म्हणालो.

"होत्या."

"मग कुठे गेल्या?"

"फेब्रुवारीत कापल्या. नियम म्हणतो, पाती काढा. मी म्हटलं, गवताशी नातं असलेलं जे दिसेल ते काढू. वजन कमी होईल." ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "एकतीस वर्षं मी पोरांना ओरडले, जे कळत नाही त्याला हात लावू नका."

मग ती करवत घेऊन बाहेर गेली. परत आली तेव्हा हातात दोन सळ्या होत्या. हरमनच्या थडग्यावर हार अडकवायची लोखंडी तिवई होती, तिचे पाय.

"हरमनची?" मी विचारलं.

"तो काही बोलायचा नाही. जिवंतपणी तरी कुठे बोलायचा? आणि तोंड मीट. माशी जाईल."

तिने सळ्या वाकवल्या, वेल्डिंग केलं. पहिल्या खेपेला जळक्या रबराचा वास आला. पट्टा चालू असतानाच सळीला घासत होता. तिने हातोडीचे दोन ठोके दिले. मी पुन्हा पेडल दाबलं. चाकं थांबली. इंजिन बोंबलत होतं आणि चाकं ठार उभी होती.

तीन वाजता नऊ गाड्या रेषेवर आल्या. शर्यत भरवणाऱ्या आमच्या पास्टर ऑल्विनने स्वतः अंडी ठेवली. मग इंजिनं चालू असतानाच प्रार्थना सुरू केली. प्रार्थना किती लांब असावी हे नियमात लिहायचं राहून गेलं आहे. त्याने चालकांसाठी आशीर्वाद मागितला. मग मक्यासाठी. मग रविवारच्या शाळेच्या छपरासाठी. एक डोळा उघडा होता आणि तो वॉनीटाच्या अंड्यावर होता.

तिचा डावा पाय पेडलवर थरथरत होता.

"ऑल्विन, आमेन म्हण!" ती ओरडली. "देवालाही दुसरी कामं आहेत!"

ऑल्विनने आता आजाऱ्यांसाठी मागायला सुरुवात केली.

अंडं हललं नाही. पलीकडच्या गाडीचं फुटलं. लोक हसले. वॉनीटाने मान वळवली नाही.

झेंडा पडला. तिने पाय उचलला. गाडी एकदम उसळली आणि अंड्याचा बलक रेषेशेजारी उभ्या माझ्या पँटवर आला.

शर्यत संपल्यावर तिला गाडीवरून उतरता येईना. गुडघा लाकूड झाला होता. मी आणि ऑल्विनने मिळून तिला उचललं. ती एकाच वेळी हसत होती आणि शिव्या देत होती. ऑल्विनने शिव्या ऐकू आल्या नाहीत असं दाखवलं.

"कितवी आले?" तिने विचारलं.

"आठवी."

"नऊमध्ये?"

"नवव्याचं इंजिन पेटलं."

"मग शेवटून पहिली म्हण की," ती म्हणाली, आणि पुढच्या शनिवारच्या शर्यतीचा अर्ज ऑल्विनच्या खिशातून स्वतःच काढून घेतला.